‘आधी भरा, मग परत मिळवा’ हा सल्ला शेतकऱ्याला बुडवणारा आहे

यवतमाळ जिल्ह्यात शेती करणाऱ्या माझ्या थोरल्या मेहुण्यांना डॉक्टरांनी बायपास सांगितल्यापासून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एकच संदेश फिरतो आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आधी सगळी रक्कम स्वतः भरावी लागते व बिले जोडल्यावर ती खात्यात परत येते. पांढऱ्या रेशनकार्डावर शेतकऱ्याला काही मिळत नाही. जुना आजार योजनेत बसत नाही. आणि मोठी खासगी रुग्णालये गरिबाला दाखलच करून घेत नाहीत, असे त्याचे म्हणणे. तो वाचून मेहुण्यांनी सावकाराकडे शब्द टाकला आणि बैलजोडीला गिऱ्हाईक पाहू लागले, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

पहिला दावा नुसता चुकीचा नाही, घातक आहे. या योजनेत रुग्णाने पैसे भरायचेच नसतात. अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयातील आरोग्यमित्राच्या (योजनेच्या मदतनिसाच्या) टेबलावर रेशनकार्ड आणि आधार दाखवून नोंदणी करायची. रुग्णालय अँजिओग्राफीचा अहवाल ऑनलाइन पाठवून पूर्वमंजुरी घेते, शस्त्रक्रिया करते आणि खर्चाचा दावा स्वतः लावते. तातडीच्या वेळी ही मंजुरी दूरध्वनीवरूनही घेता येते. उलट पूर्वमंजुरी न घेता, पदरचे पैसे भरून शस्त्रक्रिया उरकली, तर ती योजनेबाहेरची ठरते आणि मागाहून बिलांची फाइल घेऊन कितीही खेटे घातले तरी प्रतिपूर्ती मिळत नाही. म्हणजे संदेशाप्रमाणे वागणारा माणूस हक्काचे उपचार सोडून व्याजाने काढलेले पैसे घालवून बसतो. मुख्यमंत्री सहायता निधीचेही तसेच आहे: मंजूर मदत थेट रुग्णालयाला जाते, झालेल्या खर्चाची भरपाई म्हणून हातात येत नाही. अंगीकृत रुग्णालयाने लाभार्थ्याकडून बेकायदा पैसे उकळले आणि तक्रार सिद्ध झाली, तर ते परत करायला लावतात, एवढाच काय तो या दाव्यातला सत्याचा अंश.

पांढऱ्या कार्डाबाबत संदेशलेखक जुन्या काळात अडकलेला दिसतो. पूर्वी पांढरे कार्डधारक शेतकरी फक्त १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपुरते पात्र होते, हे खरे आहे. पण त्या चौदांत यवतमाळ होतेच, त्यामुळे आमच्या मेहुण्यांच्या बाबतीत हा दावा तेव्हाही खोटाच होता. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली केली, संरक्षण दीड लाखावरून प्रति कुटुंब प्रति वर्ष ५ लाख रुपये केले, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. शासन निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध आहे. पुढे ढकलण्याआधी तो उघडून पाहायला कोणाची हरकत होती?

आधीपासूनचा आजार या योजनेत पहिल्या दिवसापासून धरला जातो. खासगी विम्याचा नियम येथे उगाच चिकटवला आहे.

खासगी रुग्णालयांबद्दलची चीड मात्र मी समजू शकतो. सगळी रुग्णालये अंगीकृत नाहीत, काही शस्त्रक्रिया शासकीय रुग्णालयांसाठीच राखीव आहेत, आणि ‘खाट रिकामी नाही’ हे उत्तर कोणी ऐकलेले नाही? तरीही धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्याच लागतात, तर आणीबाणीत अनामत रक्कम न मागता दाखल करून घ्यावे लागते. कोणी पैसे मागितले तर पावती घ्या आणि योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. बैलजोडीचा व्यवहार तूर्त थांबवला आहे.