वाघिणी पाळताना

“पहिल्या दोन वाघिणी बाहेर काढतानाच मोडल्या हो. तिसरीची पाठ गेली. चौथी उद्या सकाळी ओततो.”

एवढं मी फोनवर बोललो. शेजारच्या गच्चीवर सांडगे घालणाऱ्या काकू हातातलं ताट तसंच धरून ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, “काय करायलाव ओ तुम्ही?”

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे निदान सोलापुरात तरी सांगावं लागू नये. रेल्वेचं विभागीय कार्यालय गावात, दर दुसऱ्या घरात कुणाचे तरी वडील गार्ड नाहीतर पॉइंट्समन. पण वाघीण हा शब्दही त्यांच्याबरोबरच रिटायर झालेला दिसतो. मी म्हटलं, “खेळण्यातली आगगाडी असते ना काकू, तिचे डबे करतो.” त्या म्हणाल्या, “कुणाला? पोरगी तर लग्नाची झाली की तुमची.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ओळखीपाळखीतल्या आठ जणांनी मिळून बारा किट (घरी जोडायचे सुटे भाग) मागितली होती आणि मी हो म्हणून बसलो होतो, एवढंच खरं. त्या आठांतही एकाच्या घरी लहान मूल नाही.

वाघीण निवडली ती कुर्डुवाडीची, म्हणजे बार्शी लाईट या जुन्या अरुंद रुळांच्या रेल्वेची. यात घराण्याचा अभिमान वगैरे आहेच (आई अजून सांगते, आषाढीला पंढरपूरला आपण तिनेच जायचो), पण खरं कारण गणिताचं. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर. एचओ मापात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या मॉडेलात, ८७ ने भागलं की सव्वाएकोणीस येतात. बाजारात मिळणारा रूळ साडेसोळाचा. त्यामुळे आपली दणकट मालगाडी मॉडेलमध्ये धोतर आखडून ओढ्यातून निघाल्यासारखी दिसते. बार्शी लाईट ७६२ ची. भागा ८७ ने. ८.७६! आणि नऊ मिलिमीटरचा रूळ दुकानात तयार मिळतो. पाव मिलिमीटर तर माझ्या चष्म्यातच जातो.

शिवाय एव्हरार्ड कॅलथ्रॉप या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. १८९७ साली ही लाईन सुरू केली तेव्हा त्याने मालडब्यांसाठी दाबीव पोलादाची एकच पंचवीस फुटी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, ठरवली. वर उघडा डबा बसवा नाहीतर बंद, खालचं सगळं सारखंच. त्याने ते वजन वाचवायला केलं असेल. माझा मात्र एक साचा वाचला, आणि साचा वाचणं म्हणजे काय ते पुढे कळेल.

आधी मास्टर, म्हणजे मूळ नमुना. एक मिलिमीटरच्या प्लॅस्टिक शीटमधून सत्त्याऐंशी मिलिमीटरचा उघडा डबा करायचा. त्यावर रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची डोकी. ते मागच्या बाजूने सुईने टोचून उठवायचे. जोर जास्त झाला की भोक, कमी झाला की काहीच नाही. दोन महिने रोज रात्री मी टोचत होतो. बायकोला वाटायचं, मी शिवण शिकायलोय.

मग रबर. सिलिकॉन रबर हा मोठा समजूतदार पदार्थ आहे. तो प्लॅस्टिकला चिकटत नाही. स्वतःला मात्र चिकटतो. उघड्या डब्याला साचा दोन भागांचा लागतो: नमुना निम्मा मुलांच्या खेळायच्या मातीत पुरायचा, वरून रबर ओतायचं, ते आळलं की उलटं करून माती काढायची आणि दुसऱ्या बाजूला रबर ओतायचं. मधल्या वेळात पहिल्या रबराला व्हॅसलिन लावायचं. हे मला माहीत होतं. आठ दिवसांआधीच मी दुसऱ्या कुणाला तरी फोनवर ते समजावूनही सांगितलं होतं.

त्या दिवशी पाणी आलं. ज्यांच्याकडे नळाला रोज पाणी येतं त्यांना हे वाक्य साधं वाटेल. आमच्याकडे पाण्याच्या दिवशी माणूस हातातलं काम टाकून उठतो. टाकी, ड्रम, पिंप, घागरी, शेवटी पातेली असं सगळं भरून मी दीड तासाने गच्चीवर आलो, घाम पुसला आणि थेट रबर ओतलं.

दुसऱ्या दिवशी साचा उघडायला गेलो तर उघडायला काही नव्हतंच. विटेएवढा एक पांढरा ठोकळा. कुठे सांधा नाही, फट नाही. दोन महिन्यांची वाघीण आत, मी बाहेर. ब्लेडने अंदाजाने कापायला गेलो तर आतून ‘कट्’ असा बारीक आवाज आला. तिथेच थांबलो.

रेल्वेतून रिटायर झालेला मित्र संध्याकाळी आला. ठोकळा हातात घेऊन, दाबून, हुंगून म्हणाला, “चांगलं झालंय की बे. काय आहे हे?”

दुसरा नमुना दीड महिन्यात झाला. व्हॅसलिन एवढं लावलं की निम्मे रिव्हेट त्यातच बुडाले, पण साचा उघडला. आता उरलं रेझिन, म्हणजे साच्यात ओतून आळवायचं पातळ प्लॅस्टिक.

रेझिनच्या दोन बाटल्या येतात, अ आणि ब. सारख्या वजनाने घ्यायच्या, ढवळायच्या, ओतायच्या. बाटलीवर लिहिलंय की मिसळल्यावर चार मिनिटं मिळतात, पंचवीस अंश तापमानाला. पंचवीस अंश! एप्रिलच्या सोलापुरात पंचवीस अंश कुठे मिळतात तर फ्रिजमध्ये दाराच्या कप्प्यात. बेचाळीस अंशांत मला मिळालं जेमतेम दीड मिनिट. पहिल्या खेपेला रेझिन कपातच आळलं, ढवळायच्या काडीसकट. कप गरम, धूर निघतो की काय असं वाटायला लागलं. तेव्हापासून मी पहाटे साडेचारला ओततो. तोंडाला मास्क, कपाळाला बॅटरी, हातात मोजे, आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा. घरात परत आणायचा नाही, या अटीवर मिळालेला. गुरखा दोनदा शिट्टी वाजवून गेला.

पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. हे पॉलियुरेथेन रेझिन ओलाव्याला भेटलं की त्यात वायू धरतो आणि ते फुगतं. जुलैतली एक अख्खी खेप अशी टम्म फुगली की आईने लांबूनच विचारलं, “इडल्या केल्यास का रे?” तेव्हा साच्यातून निघालेली वाघीण खरंच जाळीदार, हलकी, आणि मापापेक्षा फुगीर होती.

बुडबुड्यांवर उपाय म्हणजे ओतण्याआधी साच्यात टाल्कम पावडर भुरभुरायची. कोपऱ्याकोपऱ्यात रेझिन नीट जातं. लेकीचा डबा नेला. नंतर तिच्या लक्षात आलं की बाबांच्या रेल्वेला चंदनाचा वास येतो. ज्यांच्याकडे हौस जास्त ते दाबाची टाकी आणून बुडबुडे दाबून टाकतात. मी एकदा सहज कुकरकडे बघितलं. बायकोने मी बघताना बघितलं. विषय संपला.

एकूण एकतीस ओतल्या, तेव्हा बारा धड निघाल्या. साच्याचे ओठ तोवर फाटायला आले होते. कुरिअरच्या काउंटरवरच्या मुलाने आत काय म्हणून विचारलं. सवयीने तोंडातून गेलं, “वाघिणी.” त्याने माझ्याकडे बघत ‘इतर’वर खूण केली.

आठांपैकी सहा जणांनी किट मिळाल्याचं कळवलं. एकाने मोजपट्टी लावून कळवलं की लांबी अर्ध्या मिलिमीटरने कमी आहे. रेझिन आळताना आकसतं, हे त्याला मी सांगितलं नाही. जोडून मात्र अजून एकानेही पूर्ण केलेली नाही. “सवडीने करू,” म्हणतात.

परवा स्वयंपाकघरात गेलो तर मिक्सर पूर्वीसारखा ओट्यावरून सरकत नव्हता. खाली चार जाड, पांढरे पाय. बायको म्हणाली, “ते गच्चीवरचं रबर पडून होतं ना, विळीवर चार तुकडे केले. मध्ये काहीतरी कडक लागत होतं.”

मी मिक्सर उचलून एक पाय उजेडात धरला. वाघिणीचा उभा छेद. दोन बाजू, तळ, वरची कड, काठावर अर्धा कापलेला रिव्हेट. मग उरलेले तिन्ही पाहिले.

चारही तुकड्यांत एकसुद्धा बुडबुडा नव्हता.