बंडखोरांना हिरो केलं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, रागाने का होईना पण मिझोरामच्या बंडावरचा माझा पूर्ण लेख वाचून लिहिलंत, थँक्स. तुमचं म्हणणं असं की मी मिझो बंडखोरांना हिरो केलंय, स्वायत्तता म्हणजे देश फोडायची पहिली पायरी, नागालँडला देऊन काय मिळालं, आणि उद्या विदर्भही मागेल.

एक चूक मान्य. एमएनएफला, म्हणजे बंड करणाऱ्या मिझो नॅशनल फ्रंटला, पूर्व पाकिस्तानातून मदत होती हे लेखात यायलाच हवं होतं, राहून गेलं.

पण क्रम बघा ना. १९५९ च्या आसपास मिझो डोंगरात, तेव्हा तो आसामचाच जिल्हा होता, मौताम पडला, म्हणजे बांबूला फुलोरा आला, त्यावर उंदीर माजले आणि त्यांनी शेतंच्या शेतं फस्त केली. हे होणार हे तिथल्या लोकांना आधीच माहीत होतं, डिस्ट्रिक्ट कौन्सिलने आसाम सरकारकडे पैसेही मागितले होते, पण बांबू फुलला म्हणून दुष्काळ येतो ही अडाण्यांची समजूत म्हणून ते उडवून लावलं. त्यात १९६० ला आसामी राजभाषा केली. बंडाचे नेते लालडेंगा, त्यांची हीच संघटना सुरुवातीला फॅमिन (दुष्काळ) फ्रंट होती हो, भुकेल्यांना धान्य पोचवणारी! १९६१ ला नावातलं 'फॅमिन' गळलं, १ मार्च १९६६ ला स्वातंत्र्याची घोषणा, आणि ५ मार्चला ऐझॉलवर आपल्याच हवाई दलाची विमानं. पुढची २० वर्षं बंड चाललं, आणि त्यातल्या सुरुवातीच्या काही वर्षांत सरकारने गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेला बसवली.

विदर्भाचं राहू द्या, वेगळं राज्य मागणं आणि वेगळा देश मागणं यात फरक आहे, राज्य करायची सोय घटनेच्या कलम ३ मध्येच आहे.

नागालँडचा मुद्दा मात्र खरंच वजनदार आहे. १९६३ ला राज्य मिळालं, ३७१ए हे घटनेतलं खास कलम मिळालं, तरी बंदुका थांबल्या नाहीत. पण तिथे १९६० चा समझोता झाला तो मवाळ नागा पीपल्स कन्व्हेन्शनशी, लढणारे नेते फिझो आणि त्यांची एनएनसी (नागा नॅशनल कौन्सिल) बाहेरच राहिले. मिझोरामात ३० जून १९८६ चा शांतता करार झाला तो थेट लालडेंगांशी, ज्यांच्या हातात बंदूक होती त्यांच्याशीच. वर ३७१जी हे तसंच खास कलम, म्हणजे जमिनीची मालकी, मिझो रूढी वगैरेंवरचा संसदेचा कायदा तिथली विधानसभा ठराव करेपर्यंत लागूच होत नाही. माझ्या मते सगळा फरक इथे आहे, किती दिलं यापेक्षा कोणाला दिलं यात.

आणि हो, लालडेंगा मुख्यमंत्री झाले, पण १९८८ ला त्यांचेच आमदार फुटले आणि सरकार पडलं. देश फोडायला निघालेल्या माणसाचा पक्षच फुटला, तरी ते परत जंगलात गेले नाहीत, १९८९ ची निवडणूक लढवली आणि त्यांचा पक्ष हरला.