गाडी वेळेवर का येत नाही, ते आधी सांगा

पुन्हा गाडी तयार नाही! जानेवारी 2026. फॉर्म्युला वनमध्ये नवे नियम, नवी इंजिनं. बार्सिलोनात बाकीचे सगळे आपापल्या नव्या गाड्या पहिल्यांदा फिरवून बघणार, आणि आमच्या विल्यम्सने आधीच कळवून टाकलं की काम लांबलंय, आम्ही काही येत नाही. नऊ कन्स्ट्रक्टर्स टायटल (म्हणजे टीमचं जगज्जेतेपद) नावावर असलेली टीम, आणि यांच्याकडून ठरलेल्या तारखेला एक गाडी जोडून होत नाही.

बरं, हे पहिल्यांदा झालंय असंही नाही. 2019 मध्ये याच बार्सिलोनात टेस्टिंगचे पहिले अडीच दिवस यांचं गॅरेज रिकामं होतं. दुसऱ्यांच्या गाड्या शेकडो किलोमीटर पळून आल्या आणि यांचे पार्ट अजून इंग्लंडातच. त्या वर्षी अख्ख्या सीझनमध्ये एक पॉइंट मिळाला. एक! तोसुद्धा जर्मनीत अल्फा रोमिओच्या दोन्ही गाड्यांना दंड बसला म्हणून आमचा ड्रायव्हर कुबिका वर सरकला, त्यातून.

माझा एवढा संताप का होतो ते सांगते. मी इंदूरजवळ पीथमपूरला एका कारखान्यात प्लॅनिंग बघते. रोज सकाळी राजेंद्र नगरहून कंपनीची बस, आणि दिवसभर एकच काम: कुठला पार्ट कुठे आहे, किती आहे, कधी येणार, नाही आला तर लाइन किती वाजता थांबणार. चार रुपयांचा ब्रॅकेट कमी पडला तरी माझा फोन वाजायला लागतो आणि संध्याकाळपर्यंत थांबत नाही. आमचं काही फार मोठं नाव नाही. शेजारच्या नॅट्रॅक्सच्या 11.3 किलोमीटरच्या ट्रॅकवर दुसऱ्यांच्या गाड्या पळतात, आम्ही फक्त त्यांच्या पोटातले सुटे भाग बनवतो. पण स्टोअरमध्ये काय पडलंय हे विचारलं तर मिनिटभरात स्क्रीनवर दिसतं.

आणि ही फॉर्म्युला वनची टीम! 2023 मध्ये जेम्स व्हाउल्स मर्सिडीजमधून इथे प्रमुख म्हणून आले, तेव्हा त्यांना काय सापडलं? गाडीच्या सुमारे 20,000 पार्टची यादी, चक्क एका एक्सेल शीटमध्ये. पार्टची किंमत किती, बनायला किती दिवस, ऑर्डर गेली का, आता तो कुठे आहे, यातलं काही धड त्या शीटमधून कळत नव्हतं. हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं, त्या यादीला विनोद म्हणाले. मी वाचलं तेव्हा मला मात्र हसू आलं नाही. आमच्याकडे कस्टमरच्या ऑडिटला कोणी अशी शीट दाखवली तर चहा प्यायच्या आत ऑडिटर उठून जाईल.

मग 2024 चं मेलबर्न झालं. शुक्रवारी पहिल्याच प्रॅक्टिसला आमच्या अल्बनने गाडी भिंतीवर घातली, चेसिस (गाडीचा मूळ सांगाडा) गेली. ठीक आहे, होतं असं, दुसरी काढा. दुसरी कुठली काढणार? तिसरी चेसिस बनवूनच झाली नव्हती. दोन ड्रायव्हर, दोन चेसिस घेऊन ही माणसं ऑस्ट्रेलियाला गेली होती! मग दुसरा ड्रायव्हर सार्जंट, त्याची धड गाडी काढून अल्बनला दिली, आणि काहीही चूक नसलेला तो पोरगा रविवारी गॅरेजमध्ये उभा राहून रेस बघत बसला. एवढं करून अल्बन अकरावा, म्हणजे पॉइंट शून्य.

यावर माझा मावसभाऊ (रामबागेत राहतो, जन्मापासून फेरारीवाला) मला समजावतो, "अगं ताई, घरची टीम होती, पैसा नव्हता बिचाऱ्यांकडे." बिचारे? कोण बिचारे? रेनॉचं इंजिन ज्यांच्याकडे होतं आणि 1992 ते 1997 मध्ये ज्यांनी पाच कन्स्ट्रक्टर्स टायटल घरी नेली, ते बिचारे? पैसा नंतर आटला, हे खरं. पण आधी माणसं घालवली, आणि ती यांनी स्वतःच्या हातांनी घालवली.

हिशेबच करा ना. 1987 चा चॅम्पियन पिके, दुसऱ्या वर्षी लोटसला. 1992 चा मॅन्सेल, पैशांवरून आणि प्रोस्टला आणण्यावरून बिनसलं, गेला अमेरिकेत. 1993 चा प्रोस्ट, आयर्टन सेना येतोय म्हटल्यावर निवृत्त. डेमन हिलचा तर कळस. 1996 चा सीझन चालू असतानाच त्याला पुढच्या वर्षी नको म्हणून सांगून टाकलं, आणि तो पठ्ठ्या तरी चॅम्पियन होऊन दाखवून गेला. नियमाप्रमाणे एक नंबर चॅम्पियनच्या गाडीला, आणि आधी मॅन्सेल, मग प्रोस्ट, चॅम्पियन तर मैदानातच नाही. म्हणून 1993 आणि 1994 अशी सलग दोन वर्षं डेमन हिल शून्य नंबर लावून धावला. जगज्जेत्या टीमच्या गाडीवर शून्य! आम्हाला तेव्हा त्याची मोठी गंमत वाटायची.

ड्रायव्हर जाऊ देत, ड्रायव्हर मिळतात. एड्रियन न्यूईसारखा डिझायनर कुठून मिळणार? 1992 ची ती अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शनवाली एफडब्ल्यू 14 बी, 1996 ची एफडब्ल्यू 18, ह्या माणसाच्या ड्रॉइंग बोर्डावरून उतरल्या. त्याला टीममध्ये हिस्सा हवा होता, मोठ्या निर्णयात त्याला विचारावं एवढंच म्हणणं होतं. टीमचे मालक फ्रँक विल्यम्स आणि त्यांचे भागीदार पॅट्रिक हेड यांनी दिला नाही. संस्थान ना हे, वाटा कसा देणार! न्यूई गेला मॅक्लारेनला, आणि 1998 चं टायटल मॅक्लारेनने नेलं. विल्यम्सला 1997 नंतर एकही टायटल नाही. ना टीमला, ना ड्रायव्हरला.

बीएमडब्ल्यूचंही तेच. 2000 पासून इंजिन देत होते, 2003 मध्ये आमचा ड्रायव्हर माँतोया शेवटून दुसऱ्या रेसपर्यंत टायटलच्या शर्यतीत होता. त्यांना टीमच विकत हवी होती. इकडून नाही म्हटल्यावर त्यांनी सरळ साउबर विकत घेतली. यांच्या वाट्याला 2006 साठी विकतचं कॉसवर्थ इंजिन.

फ्रँक विल्यम्सबद्दल मी वेडंवाकडं बोलणार नाही. 1986 च्या अपघातानंतर व्हीलचेअरवरून त्या माणसाने टीम चालवली आणि जिंकून दाखवली, त्याला माझा नमस्कार. पण माणूस थोर होता म्हणून त्याचा प्रत्येक हट्ट थोर ठरत नाही. आपल्याकडे इंदूरला तरी हे वेगळं सांगायला नको. आजोबांनी नावारूपाला आणलेली किती दुकानं "आम्ही कोणाला भागीदार घेत नाही" म्हणत बंद पडलेली बघितलीत आपण.

मला खरा राग येतो तो 2014 नंतरच्या वर्षांचा. मर्सिडीजचं इंजिन आयतं हातात आलं, बोटास आणि मासा गाडीत, टीम तिसरी. देवाने दिलेली दुसरी संधी! आणि मग पॉइंट बघा वर्षागणिक: 320, 257, 138, 83, 7, 1, 0. भिया, इतका सरळ उतार तर घाटातसुद्धा नसतो. ह्या सात वर्षांत कोणीतरी एकदा तरी ओरडून विचारलं असेल ना, की पार्ट वेळेवर का येत नाहीत? का सगळे मिटिंगमध्ये माना डोलावून "पुढच्या वर्षी बघू" म्हणत होते? 2020 च्या ऑगस्टमध्ये टीम डोरिल्टन कॅपिटल या अमेरिकन गुंतवणूक कंपनीला विकली. सप्टेंबरमध्ये मोंझाच्या रेसनंतर फ्रँकची मुलगी क्लेअर विल्यम्स, ज्या टीम चालवत होत्या, त्याही बाहेर पडल्या. आता गाडीवर फक्त आडनाव उरलंय.

हो, 2025 बरं गेलं, माहितीये मला. 137 पॉइंट, पाचवा नंबर. बाकूला आमचा साइन्झ तिसरा आला त्या रविवारी मावसभावाने पोडियमचा फोटो पाठवला, खाली "अभिनंदन ताई", वर दोन लाडू. त्याच्या स्वतःच्या फेरारी त्या दिवशी आठव्या आणि नवव्या, आणि साइन्झला त्यांनीच काढून टाकलेला, तरी हा मला लाडू पाठवतो! दया दाखवतो माझ्यावर! 1996 मध्ये सोळापैकी बारा रेस आम्ही जिंकल्या होत्या, तेव्हा हाच केबलवाल्याच्या नावाने बोटं मोडत टीव्ही बंद करायचा. आणि आता 2012 मध्ये माल्डोनाडोने बार्सिलोना जिंकलं त्यानंतर एकही विजय नाही, म्हणून तिसऱ्या नंबराचे लाडू. ते लाडू मी अजून उघडून "थँक्यू" म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही.