‘फायरवॉल बंद करा की, दोन मिनिटांचं काम’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवर काउंटरवरून सर्व्हर (पट्टीचं सॉफ्टवेअर असलेला मुख्य कॉम्प्युटर) उघडेना, तेव्हा मी एवढा पसारा मांडायची गरज नव्हती. फायरवॉल (कॉम्प्युटरकडं बाहेरून येणाऱ्याला अडवणारा पहारेकरी) बंद केला असता तर दोन मिनिटांत पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या) सुरू झाल्या असत्या. राऊटर असताना विंडोजचा फायरवॉल लागतोच कशाला? आणि सर्व्हरचा पत्ता (नेटवर्कमधला त्याचा नंबर) कायमचा कसा बांधायचा, हे लेखात लिहिलंच नाही. तुम्ही बारा वर्षं सांगलीतच ही कामं करताय, म्हणून सविस्तर लिहितो.

शेवटचा मुद्दा तुमचा शंभर टक्के बरोबर आहे. पत्ता बांधायचा राहिला तर महिन्याभरात तोच घोळ पुन्हा होणार. लेखात तो भाग आज घातला आहे.

पण फायरवॉलबद्दल मला तुमचं पटत नाही. त्या सकाळी तो बंद केला असता तरी एकही पट्टी निघाली नसती.

मार्चमधली गोष्ट, सौदे ऐन भरात. आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर, अपाची (ब्राउझरला पानं पुरवणारा प्रोग्राम) आणि पट्टीचं सॉफ्टवेअर, पुढचे तीन काउंटर ब्राउझरमधून तेच उघडणार. मी पोहोचलो तेव्हा कर्नाटकातून रातोरात गाडी घेऊन आलेले शेतकरी बाकावर बसून होते. काउंटरच्या कीबोर्डवर हळदीची भुकटी इतकी, की एंटरची अक्षरं दिसत नव्हती. स्क्रीनवर एकच निरोप: समोरून उत्तर यायला फार वेळ लागतोय. दिवाणजी आतून ओरडले, “अहो, हिकडं तर झकास उघडतंय की! तिकडंच काय तरी झालंय बघा.”

ते उघडत होतं लोकलहोस्टवर. त्यात मशीन स्वतःशीच बोलतं, त्या बोलण्याचा केबलशी, स्विचशी (सगळ्या केबली जोडणारी पेटी), राऊटरशी काही संबंध नाही. त्यावरून अपाची जिवंत आहे एवढंच कळतं. म्हणून आधी सर्व्हरवर नेटस्टॅट (मशीनची कोणती दारं उघडी आहेत हे दाखवणारी आज्ञा) चालवून पाहिलं. पोर्ट ८० च्या (वेब पानांच्या दाराच्या) ओळीत ०.०.०.० होतं, म्हणजे अपाची सगळ्या बाजूंनी ऐकत होता. तिथं १२७.०.०.१ (लोकलहोस्टचा पत्ता) असतं तर बाहेरच्या कुणालाच दार उघडलं नसतं आणि दुरुस्ती अपाचीच्या ‘लिसन’ या ओळीत करावी लागली असती. फायरवॉल चालू असो की बंद, काही फरक पडला नसता.

मग पत्ता पाहिला. आदल्या संध्याकाळी ब्रॉडबँडवाल्यानं राऊटर बदलला होता. जुना राऊटर १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांची रांग द्यायचा, नवा १९२.१६८.० ची द्यायला लागला. सर्व्हर .१.१० वरून .०.१०४ वर गेला आणि काउंटरच्या बुकमार्कमध्ये जुनाच पत्ता राहिला. आता तुमच्या पद्धतीनं आधी फायरवॉल बंद केला असता तर काय झालं असतं? पान उघडलंच नसतं. ‘फायरवॉलचा दोष नाही’ म्हणून आपण पुढं गेलो असतो, आणि घाईत तो परत चालू करायचा राहून गेला असता. मी गेलो त्या बऱ्याच दुकानांत फायरवॉल असाच बंद पडलेला सापडतो. तो का बंद आहे हे कुणालाच आठवत नाही.

खरी गंमत पुढं आहे, आणि माझा लेख लांबला तो यामुळंच. काउंटरवर नवा पत्ता टाकला, तरी स्क्रीनवर तोच निरोप आला. अक्षरही बदललं नाही. इथं माणूस फसतो. ‘पत्ता बदलून काही झालं नाही, म्हणजे पत्त्याचा प्रश्न नव्हता’ असं वाटतं. पण दोष दोन होते, एकामागं एक, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसत होते.

पिंगही (समोरचं मशीन उत्तर देतं का हे पाहणारी हाक) लागत नव्हता. तुम्ही लिहिलंय की पिंग नाही म्हणजे केबल गेली. विंडोजच्या बाबतीत असं म्हणता येत नाही. नेटवर्क पब्लिक (परकं, बिनभरवशाचं) ठरलेलं असलं की फायरवॉल पिंगला उत्तरच देऊ देत नाही. म्हणून मी पिंगनंतर लगेच काउंटरवर ‘एआरपी’ची यादी (कोणत्या पत्त्यामागं कोणतं मशीन आहे ती) उघडली. त्यात .०.१०४ समोर सर्व्हरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा कारखान्यातला नंबर) आलेला होता. फायरवॉल एआरपीला अडवत नाही. मॅक पत्ता आला, म्हणजे केबल ठीक, स्विच ठीक, सर्व्हर जागा आहे. अडवणूक त्याच्या उंबऱ्यावर चालली आहे. एवढी एक गोष्ट कळली की केबल ओढून पाहण्यातला अर्धा तास वाचतो.

कारणही राऊटरच होतं. विंडोज नेटवर्क ओळखतं ते मुख्यतः गेटवेच्या (बाहेर जायच्या वाटेच्या, म्हणजे इथं राऊटरच्या) मॅक पत्त्यावरून. राऊटर नवा, म्हणजे त्याच्या लेखी नेटवर्क नवं, आणि अनोळखी नेटवर्कला ते पब्लिक धरतं. अपाचीला परवानगी देणारा नियम होता, पण तो फक्त प्रायव्हेटसाठी (घरच्या, भरवशाच्या नेटवर्कसाठी) टिक केलेला. नेटवर्क प्रायव्हेट केलं, आणि तीनही काउंटरवर पान उघडलं. माझी एकूण चाळीस मिनिटं गेली, त्यातली निम्मी पत्ता शोधण्यात.

आता राऊटरचा मुद्दा. राऊटर बाहेरून येणाऱ्याला अडवतो, आत आलेल्याला नाही. या पेढीवर वायफायचा पासवर्ड भिंतीवर खडूनं लिहिलेला आहे. शेतकरी, ट्रकचे ड्रायव्हर, हमाल, सगळ्यांचे मोबाइल पट्टीच्या सर्व्हरच्याच रांगेत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आला तो एका मशीनमधून शेजारच्या मशीनमध्ये पोर्ट ४४५ वरून उडी मारत पसरला. मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधल्या त्या भोकाला ठिगळ मार्चमध्येच दिलं होतं, पण ते न लावलेली मशीन्स ढिगानं होती. अशा वेळी मशीनचा स्वतःचा फायरवॉल हीच शेवटची कडी असते. पेढीच्या त्या एका डिस्कवर शेतकऱ्याचं वजन, भाव, उचल, सगळं आहे. ते गेलं तर नुकसान माझं नाही, तुमचं नाही, बाकावर बसलेल्या माणसाचं आहे.

म्हणून पान उघडल्यावर मी थांबलो नाही. राऊटरवर पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय चालू केलं, सर्व्हर आणि तीन काउंटर असे चार पत्ते मॅकवरून बांधले, अपाचीचा जुना ऐसपैस नियम काढला आणि नवा घातला: फक्त पोर्ट ८०, फक्त त्या तीन काउंटरकडून. एक अडचण तुम्हालाही येईल. अपाची पहिल्यांदा चालू होताना विंडोज परवानगी विचारतं, तेव्हा कुणी ‘कॅन्सल’ दाबलं असेल तर त्या प्रोग्रामसाठी अडवणारा नियम बनून बसतो. अडवणारा नियम परवानगीच्या नियमावर भारी पडतो. नवा नियम कितीही नीट लिहा, तो जुना काढल्याशिवाय चालत नाही.

फायरवॉल दोन मिनिटं बंद करून दोष तिथंच आहे का हे पाहायला माझी हरकत नाही. मीही कधी कधी करतो. फक्त पान उघडलं की लगेच चालू करून नियम घालायचा, आणि तो चालू झाला की नाही हे तिथून उठायच्या आधी पाहायचं.

तुमच्याकडं यार्डातल्या बऱ्याच पेढ्या असतील. पुढच्या वेळी टोनर बदलायला जाल तेव्हा सर्व्हरचा फायरवॉल चालू आहे का एवढं बघाल का? बंद दिसला आणि नियम घालताना काही अडलं, तर इथंच लिहा. नेटस्टॅटची पोर्ट ८० ची ओळ आणि नेटवर्क पब्लिक आहे की प्रायव्हेट, एवढं दिलंत तरी पुरे.