फुटपाथवरचा माणूस कुणाचा?

दादरच्या पुलाखाली झोपणाऱ्यांवरून आमच्या घरच्या ग्रुपवर परवा पुन्हा वाद पेटला. आतेभावाचं म्हणणं असं, की हे सगळे बाहेरचे, त्यांच्या राज्यांनी न्यावेत नाहीतर केंद्राने बघावं, मुंबईच्या पालिकेने का पोसायचं? वर मला ऐकवलं, "तुमच्या कॅनडात असली ढकलाढकली चालत नाही."

चालते, दादा. 2023 च्या उन्हाळ्यात टोरंटोच्या पीटर स्ट्रीटवर, निवाऱ्यात जागा देणाऱ्या केंद्राच्या दाराशीच, सूटकेसवर डोकं टेकून झोपलेली माणसं मी पाहिली आहेत. बरेच जण आफ्रिकेतून आश्रय मागायला आलेले. शहर म्हणत होतं, खाटा संपल्या, निर्वासित ही ओटावाची, म्हणजे कॅनडाच्या केंद्र सरकारची जबाबदारी. ओटावा म्हणत होतं, निवारे चालवणं हे शहराचं आणि प्रांताचं काम. कृष्णवर्णीयांच्या चर्चनी त्यांना आत घेतलं. जुलैत ओटावाने टोरंटोसाठी 97 दशलक्ष डॉलर जाहीर केले, पण तोवर लोकांनी कित्येक रात्री रस्त्यावर काढल्या होत्या.

याची मुळं जुनी आहेत. 1993 मध्ये ओटावाने नव्या सरकारी घरांचा पैसा थांबवला. 1995 मध्ये टोरंटोच्या प्रांतात, ओंटारिओत, माइक हॅरिस मुख्यमंत्री म्हणून आले, त्यांनी प्रांताचेही प्रकल्प रद्द केले आणि आधीच्या घरांचा खर्च पुढे नगरपालिकांच्या गळ्यात घातला. प्रॉपर्टी टॅक्सवर चालणाऱ्या शहराला तो कसा झेपणार?

मुंबईचं तसं नाही. देशातली सर्वांत श्रीमंत पालिका, 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटींच्या वर. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच मोठ्या शहरांना लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास चालणारा निवारा उभारायला सांगितलं. 2011 च्या जनगणनेच्या हिशेबाने मुंबईत असे सव्वाशे हवेत. या निवाऱ्यांसाठीच्या सरकारी योजनेत पैसे केंद्र आणि राज्याने द्यायचे, पण जागा पालिकेनेच शोधायची. इथेच सगळं अडतं, कारण आपल्या वॉर्डात निवारा कुणालाच नको असतो. टोरंटोतही नको असतो.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगेन. काल रात्री किती जण निवाऱ्यात झोपले, हा आकडा टोरंटो रोज प्रसिद्ध करतं. मुंबईबद्दल आपण अजून 2011 च्या जनगणनेतले सत्तावन्न हजार बेघर उगाळतो. माणसं मोजलीच नाहीत, तर कुठलं सरकार कमी पडलं हे विचारायचं कशाच्या जोरावर?

आतेभावाचं शेवटचं उत्तर होतं, तू तिकडे बसून बोलतोस. बरोबर आहे. मुंबईत माझं मत नाही, घरपट्टी नाही. टोरंटोत दोन्ही आहेत. पण पीटर स्ट्रीटवरच्यांबद्दल इथली शेजारीण म्हणाली, "काल आले आणि आज खाट मागतात," तेव्हा ते मला स्वतःलाच लागलं. मीही सूटकेस घेऊनच उतरलो होतो, माझ्या खिशात नोकरीचं पत्र होतं इतकंच. इतकी वर्षं इथे टॅक्स भरूनही कुणी असं बोललं की मी आपोआप त्या रांगेच्या बाजूने उभा राहतो. आणि आपलाच माणूस दादरबद्दल तसं बोलतो, तेव्हा जास्त राग येतो, कारण दादर मी अजूनही माझं समजतो. त्या पुलाखाली मराठवाड्यातून दुष्काळात आलेली कुटुंबंही असतात, हे त्यालाही ठाऊक आहे. माणूस बीडचा की बिहारचा हे न विचारता पालिकेने आधी त्याला खाट द्यावी, आणि मग खर्चासाठी मंत्रालयाशी आणि दिल्लीशी हवं तितकं भांडावं.