घर विकायचंय, मग कुत्र्याचं काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायचा आदेश दिला. अकरा दिवसांत तो बदलला: पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडून बाकीच्यांची नसबंदी-लसीकरण करा आणि जिथून उचलली तिथंच सोडा. तेव्हापासून आपल्याकडे वाद पेटलाय तो रस्त्यावरच्या कुत्र्यांवर. पण ती सगळीच रस्त्यावर जन्मलेली नसतात. काही घर विकताना बाहेर पडतात. संभाजीनगरच्या सिडकोत रो-हाऊस विकायला काढलं की पहिला सल्ला मिळतो, "आधी ते कुत्रं कुठंतरी सोडून या, गिऱ्हाईक बिचकतं." प्राण्याला असं उपाशी-तहानलेलं वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. मुळात ते करायची गरजच नसते.

इथं अमेरिकेत घर दाखवायच्या वेळी कुत्र्याला तेवढ्यापुरतं बाहेर नेतात. ते बरोबरच आहे. अनोळखी माणसांच्या ये-जात उघड्या राहिलेल्या दारातून जनावर पळतं. पण इथंही पुष्कळ जण घरात मुरलेला कुत्र्याच्या मुताचा वास घालवत नाहीत, सुगंधी मेणबत्त्या लावून झाकतात. हे मला पटत नाही. आपल्याकडे प्राणी घालवतात, इथं पुरावा लपवतात. घालवायचा असतो तो वास, आणि तो घालवता येतो.

मराठवाड्यात फसगत होते हवेमुळं. मुतातल्या युरिक ॲसिडचे खडे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ते गप्प बसतात, अक्षय तृतीयेला घर बघायला आलेल्याला काही कळत नाही. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की त्याच कोपऱ्यातून वास उठतो. इसार उन्हाळ्यात आणि ताबा पावसाळ्यात, मग भांडण ठरलेलं.

म्हणून आधी रात्री दिवे बंद करून ३६५ ते ३९५ नॅनोमीटरची यूव्ही (अतिनील प्रकाशाची) टॉर्च फरशीच्या कडेनं, चौकटींच्या पायाशी आणि दीड-दोन फूट उंचीपर्यंत भिंतींवर फिरवा. मुताचे डाग पिवळट-हिरवट चमकतात. धुण्याच्या पावडरीचा थरही चमकतो, तेव्हा वास घेऊन खात्री करा आणि खडूनं गोल आखून ठेवा.

आपला ठरलेला इलाज म्हणजे ॲसिड आणि फिनाईल. या कामाला दोन्ही नकोत. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड. संडास धुवायचं ॲसिड पडलं की फसफसतात, पॉलिश उडतं, दगड खरबरीत होतो आणि पुढचं मूत आणखी खोल मुरतं. ॲसिडवर ब्लीचिंग पावडर पडली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. काळ्या फिनाईलमधलं फिनॉल मांजराच्या यकृताला झेपत नाही. पुसलेल्या फरशीवरून चालून पंजे चाटले तरी विषबाधा होऊ शकते.

चालतं ते एन्झाइमचं क्लीनर, म्हणजे वासाची घाण मोडून टाकणारं. आधी साध्या पाण्यानं आणि ब्रशनं फरशीचे सांधे धुवा, कारण फिनाईलचा थर राहिला तर एन्झाइम निकामी होतात. मग डागाच्या चारी बाजूंनी वीतभर जास्त जागा धरून भरपूर ओता. नुसतं शिंपडलं तर ते सांध्याच्या तळाला पोचत नाही. वरून प्लास्टिकचा कागद झाका, नाहीतर उन्हाळ्यात बघता बघता वाळतं आणि काम अर्धवट राहतं. रात्रभर ओलं ठेवा, मग कागद काढून आपोआप वाळू द्या. बहुतेकदा दोनदा करावं लागतं. तरी वास राहिला तर सांधा खरवडून इपॉक्सी ग्राउट (सांध्यात भरायचा, पाणी न शोषणारा मसाला) भरा. भिंत असेल तर पुट्टी गिलाव्यापर्यंत खरवडा, तेच क्लीनर लावा, पुरतं वाळू द्या, लाखेचा किंवा ऑइल प्रायमर मारा आणि मगच रंग. थेट डिस्टेंपर मारला तर डाग पुन्हा वर येतो. शेवटी खिडक्या लावून त्या जागी ओलं फडकं तासभर ठेवा आणि शेजाऱ्याला वास घ्यायला बोलवा. घरच्यांचं नाक सरावलेलं असतं.

फरशीच्या बाबतीत आपण सुखी आहोत. इथं अमेरिकेत बऱ्याच घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा, खाली फोम, त्याखाली प्लायवूड. मूत तिन्हीत उतरतं. मग गालिचा-फोम कापून टाकायचा आणि प्लायवूडवर लाखेचा प्रायमर मारायचा.

कापसाची गादी मुरलेली असेल तर ती धुऊन सुधारत नाही, टाकून द्या. कुलरची गवताची जाळीही बदला. केस आणि वास तिथंच बसतात आणि कुलर लावला की सगळ्या खोलीत पसरतात. सागवानी दारावरचे ओरखडे १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून पॉलिश करा. लॅमिनेट घासता येत नाही. तिथं खालच्या फूटभर भागाला नवी शीट चिकटवा.

सगळ्यात जास्त वेळ खाते गोचीड. रक्त पिऊन एरंडाच्या बीसारखी टम्म झालेली मादी कुत्र्याच्या अंगावरून उतरते, भिंतीवरून चढत चौकटीच्या फटीत शिरते आणि तिथं हजारांनी अंडी घालते. ताज्या रंगाच्या भिंतीवर अशी एक चढताना दिसली की सौदा मोडतो. डॉक्टरांकडून कुत्र्याला औषध आणि घरात फवारणी एकाच सुमाराला करा, फटी बुजवा, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारा, कारण अंडी तोवर फुटलेली असतात. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक वापरू नका, ते मांजराच्या जिवावर बेततं. या कामाला दीड-दोन महिने धरा.

एवढं करून गिऱ्हाईकाला सांगायचं का? सांगायचं. आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ विकणाऱ्यावर हे बंधन घालतं की स्वतःला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीत न दिसणारा मोठा दोष त्यानं उघड करावा. अमेरिकेत बहुतेक राज्यांत त्यासाठी छापील फॉर्म भरून द्यावा लागतो. आपल्याकडे इसारपावतीतच दोन ओळी लिहा: घरात कुत्रा होता, कुठल्या खोलीत, काय दुरुस्त केलं. क्लीनर आणि फवारणीची बिलं सोबत जोडा.

ताबा दिल्यावरही कुत्रं जुन्या फाटकाशी परत जाऊ शकतं. पहिले काही आठवडे त्याला साखळीशिवाय बाहेर काढू नका, पट्ट्यावर चालू मोबाइल नंबर लिहा आणि तोच नंबर नव्या मालकाकडे देऊन ठेवा.