३०० मीटर म्हणे!

आज दुपारी शटर अर्धं खाली ओढून जेवायला निघणार तेवढ्यात एक साहेब दुकानात शिरले, तारकर्लीहून थेट, केस अजून ओले, आणि काउंटरवर घड्याळ ठेवून म्हणाले मॅडम काचेत वाफ आलीय, तासाभरात करून द्या, आम्हाला पुण्याला निघायचंय. बघितलं तर वाफ कसली, सहाच्या खुणेपाशी चक्क थेंब, घड्याळ हलवलं की तोही इकडून तिकडे. डायलवर मोठ्या स्विस कंपनीचं नाव आणि खाली १००० फूट ३०० मीटर. विचारलं ओरिजनल आहे का, तर म्हणे ऑफकोर्स, डायव्हर वॉच आहे. पाठचं झाकण काढलं, आतलं दाखवलं, तर साहेबांचा आवाज चढला, "तुम्ही उघडलंत म्हणून सील गेलं!" अहो पाणी आत होतं म्हणून उघडलं ना? की मी मालवणच्या बाजारपेठेत बसून पिचकारीने पाणी भरते घड्याळात?

जेवण राहिलं ते राहिलंच. डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, लांब होणार आहे, कंटाळा येईल त्यांनी सरळ खाली स्क्रोल करा.

आधीच सांगते, कोणी फर्स्ट कॉपी, म्हणजे हुबेहूब नकली घड्याळ, घातली म्हणून मला काही फरक पडत नाही. स्विस कंपनीचं नुकसान झालं तर त्यांचे वकील बघून घेतील, मी मालवणातून त्यांच्यासाठी कशाला रडू. आणि अडीच हजारात ते नाव मिळालं तर ते खोटंच असणार हे घेणाऱ्यालाही माहीत असतं, नव्याण्णव टक्के लोक हसत हसत घेतात. पण नावाच्या खाली तो जो बारीक आकडा असतो ना, तो मात्र खरा वाटतो माणसाला. नाव नकली, पण घड्याळ तर घड्याळ आहे, तीनशे नाही तर निदान तीस मीटर तरी टिकेल, असा साधा हिशोब असतो. माझा सगळा राग त्या आकड्यावर आहे. तो छापायला काहीच खर्च येत नाही, शाई लागते फक्त.

आमच्याकडे एक काका येतात, रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मासळीचं मोठं जाळं ओढायला जाणारे. नाव नाही लिहीत, त्यांना आवडणार नाही. त्यांचा मुलगा मुंबईला नोकरीला लागला आणि चतुर्थीला घरी येताना पहिल्या पगारातून बाबांना असंच घड्याळ घेऊन आला. काका आयुष्यभर बिनघड्याळाचे, दोर ओढून ओढून मनगट असं झालेलं की पट्ट्याला शेवटचं भोक लागलं. गणपती गेले, रापण लागली, आणि काका घड्याळ घालून पाण्यात उतरले. का नाही उतरणार? लिहिलंय ना तीनशे मीटर!

काही दिवसांनी रुमालात गुंडाळून घेऊन आले. तोपर्यंत घरी तांदळाच्या डब्यात ठेवून झालेलं. हा तांदळाचा उपाय कोणी काढला त्याला एकदा भेटायचंय मला. गोडं पाणी असतं तरी तांदूळ बंद झाकणाच्या आतलं काय शोषणार होता? आणि इथे तर खारं पाणी. पाणी सुकलं तरी मीठ आतच राहतं, ते हवेतला ओलावा ओढत राहतं, आणि आपल्या किनाऱ्याच्या हवेत ओलाव्याला काय तोटा. खारं पाणी आत गेलं की त्याच दिवशी उघडून मशीन धुवायला हवं, नंतर काही हाती लागत नाही.

काकांचं उघडलं तेव्हा चावीची दांडी गंजून तपकिरी झालेली, पितळेवर हिरवं चढलेलं, डायलचा रंग फुगून सुटलेला. आणि पाठच्या झाकणाची रबर रिंग? होती, पण खाचेत बसलेलीच नव्हती, एका बाजूला चिमटून चपटी झालेली, ग्रीसचा पत्ता नाही. चावी अशी ऐटीत स्क्रू होते की वाटतं आता वाराही आत जायचा नाही, पण आत नळीत जी रबर रिंग हवी तीच नाही. म्हणजे आटे फक्त दाखवायला! आणखी भारी मॉडेलला बाजूला हेलियमची झडप असते, ती खऱ्या घड्याळात समुद्राखाली दिवसेंदिवस दाबाच्या खोलीत राहून काम करणाऱ्या डायव्हरसाठी असते, आणि कॉपीत बऱ्याचदा नुसतं बटण चिकटवलेलं, आणि तेही कधी कधी पाणी शिरायला आणखी एक भोक. शिरा पडो तेंच्या तोंडार.

काका म्हणाले, "ह्याच्यार तीनशे मीटर लिवलेला आसा मां गो? मी तर कमरेइतक्याच पाण्यात." काय सांगणार होते मी त्यांना.

आता त्या आकड्याचं जरा सांगतेच, कारण ओरिजनलवालेही ह्यात गंडतात. ३० मीटर लिहिलेलं घड्याळ घालून ३० मीटर खाली जायचं नसतं. तो दाब आहे, ३ बार, लॅबमध्ये घड्याळ स्थिर ठेवून मोजलेला. त्याचा अर्थ हात धुवा, पावसात भिजा, बस. ५० ला थोडंफार पोहणं, १०० ला नीट पोहणं आणि स्नॉर्कलिंग, आणि खरं डायव्हिंग करायचं तर २०० च्या पुढचं, आयएसओ ६४२५ हा डायव्हर घड्याळांचा आंतरराष्ट्रीय नियम पाळलेलं. ह्या आयएसओमध्ये प्रत्येक नग तपासावा लागतो, दहातला एक काढून नाही, आणि तोही लिहिलेल्यापेक्षा पंचवीस टक्के जास्त दाबाला. म्हणजे ३०० लिहायचं तर ३७५ ला टिकवून दाखवा मग लिहा.

१९२७ साली मर्सिडीज ग्लाइट्झ नावाची इंग्लिश जलतरणपटू रोलेक्सचं ऑयस्टर गळ्यात अडकवून इंग्लिश खाडीत उतरली होती. गारठ्याने तिला पोहणं अर्धवट सोडावं लागलं, दहा तासांच्या वर पाण्यात होती, घड्याळ मात्र चालूच. जाहिरात होती हो ती, मान्य, कंपनीने पानभर छापली. पण आधी पाण्यात घातलं आणि मग छापलं. आमचे हे कॉपीवाले बादलीत बुडवून तरी बघतात का?

हां, आता कमेंटमध्ये कोणीतरी येणारच की ताई माझी सेव्हन ए कॉपी, म्हणजे वरच्या दर्जाची म्हणून विकतात ती नकल, चार वर्षं स्विमिंग पूलमध्ये चालतेय. चालत असेल. काही कॉपी खरंच बऱ्या बनतात, आणि कोणी नीट रिंगा बदलून प्रेशर टेस्ट करून घेतली तर टिकतातही. आणि ओरिजनलही गळतं, रबर जुनं झालं किंवा चावी उघडी राहिली की लाखाचं घड्याळही भरतं. पण तिथे आकडा खोटा नव्हता, सांभाळलं नाही हा वेगळा मुद्दा.

लिहिता लिहिता साहेबांवरचा राग उतरला बहुतेक. ते बिचारे पण फसलेच, फक्त ओरडून फसले. काका ओरडले नाहीत. त्यांनी किती खर्च येईल विचारलं, मी दुसरं मशीन बसवून दिलं, डायल पुसून जमेल तेवढा केला, पैसे घेतले, कारण घेतले नसते तर ते परत आले नसते. जाताना दरवाजातून मागे वळून एवढंच म्हणाले, "झिलाक सांगा नको हां." म्हणजे मुलाला सांगू नको. आता ते घड्याळ लग्नाला आणि जत्रेला बाहेर निघतं. पोरगा गावी आला की विचारतो कसं चाललंय, काका म्हणतात एकदम टकाटक. त्या पोराला विकणारा कोण होता मला माहीत नाही, पण पोराने नक्की विचारलं असणार, बाबा समुद्रात जातात, चालेल ना? आणि समोरच्याने पापणी न हलवता सांगितलं असणार, चालेल की, वॉटरप्रूफ आहे. हे मला सहन होत नाही. दोन हजारांच्या आसपास साधं कॅसिओ मिळतं, वर ५० मीटर लिहिलेलं आणि ते खरं असलेलं, दिसायला प्लॅस्टिक, पण काकांच्या मनगटावर रापण ओढत राहिलं असतं. विकणाऱ्याने हे सांगायला काय जात होतं त्याचं?

तर आता सीझन लागतोय, कोणाचंही घड्याळ असू दे, कॉपी, ओरिजनल, आजोबांचं, पाण्यात उतरायच्या आधी दुकानात घेऊन या. पप्पा करायचे तशीच साधी टेस्ट करते मी, दिव्याखाली घड्याळ कोमट करायचं, काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवायचा, मिनिटभराने पुसायचा आणि बघायचं. थेंबाच्या जागी आतून धुकं दिसलं तर आत आधीच ओलावा आहे, मग त्याला समुद्र दाखवायचाच नाही. आत कोरडं आहे एवढंच ह्यातून कळतं, बाहेरचं पाणी अडेल की नाही ते नाही कळत, त्याला प्रेशर मशीन लागतं आणि ते माझ्याकडे नाही. टेस्टचे पैसे घेत नाही. फक्त एक करा, कडेने गम लावून वॉटरप्रूफ करून द्या असं म्हणत येऊ नका, ह्या आठवड्यात तसे दोघं येऊन गेलेत आणि दोघांनाही मी परत पाठवलंय.